रोह्याच्या पुढे

डॉ. श्रीराम अभ्यंकर यांचे ‘अल्जिब्राइक जॉमेट्री फॉर सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स’ हे पुस्तक १९९० साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केले. पेण आणि रोहा येथील आम्ही काही गणितशिक्षकांनी ते एकत्र बसून वाचले. पुस्तक मोलाचे आहे यात शंका नाही. पण आमची एक तक्रार आहे, ती येथे मांडतो.

अभ्यंकर (१९३०–२०१२) हे उज्जैनला जन्मलेले मराठी गणिती. पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच १९७६ मध्ये स्थापन केले. पृष्ठाला जेथे टोक येते किंवा ते स्वतःलाच छेदते, तेथे सिंग्युलर बिंदू असतात. ते दूर करून पृष्ठ सुरळीत करता येते, हे त्यांनी १९५६ साली एका अवघड बाबतीत सिद्ध केले: जेथे १ मध्ये १ ठरावीक वेळा मिळवला की शून्य येते, अशा संख्याव्यवस्थांवरील पृष्ठांसाठी. शाळेतील बीजगणित, म्हणजे साध्या बहुपदी, भूमितीत किती खोलवर जातात हे दाखवण्याचा त्यांचा कायम आग्रह होता. पुस्तकातील तीस व्याख्यानांत तो पानोपानी दिसतो.

तक्रार अशी की, पृष्ठ सुरळीत झाल्यावर पुढे काय, हे पुस्तक सांगत नाही. पनवेल-पेणकडून येणारी गाडी रोह्याला पोहोचते आणि तेथून कोकण रेल्वे सुरू होते. हे पुस्तक आपल्याला रोह्याला आणून सोडते. वक्रांवरील विकलकांची ओळख त्यात आहे. तीच कल्पना पृष्ठांवर नेली असती तर वर्गीकरणाचे दार उघडले असते.

ते काम शाळकरी मोजणीने सुरू होते. अवकाशातील सुरळीत पृष्ठाचे समीकरण ‘न’ घाताचे असेल, तर त्यावरील स्वतंत्र विकलके चार चलांतील ‘न वजा ४’ घाताच्या एकपदींइतकी असतात. घात ३ असता एकही नाही. ४ असता एक. ५ असता चार. ६ असता दहा. विद्यार्थ्यांनी हे जरूर मोजून पाहावे. पाच व त्यापुढील घातांची पृष्ठे ‘सामान्य प्रकारची’ होत. प्रत्येक बिंदूपाशी या विकलकांचे परस्पर गुणोत्तर घेतले की पृष्ठाची एक प्रतिमा मिळते. हा कॅनॉनिकल मॅप. त्यासाठी आपण बाहेरून काहीच निवडत नाही. तो पृष्ठाचा स्वतःचाच असतो. पाच घाताच्या पृष्ठासाठी ही गुणोत्तरे म्हणजे त्या बिंदूचे निर्देशकच. म्हणून प्रतिमा म्हणजे ते पृष्ठच!

मग मोजणी पुरेशी आहे काय? नाही. पंचघाती पृष्ठाच्या दोन ठळक संख्या अशा: स्वतंत्र विकलके ४, आणि अशा दोन विकलकांच्या शून्यवक्रांचे छेदबिंदू ५. जपानी गणिती होरिकावा यांनी १९७५ मध्ये दाखवले की याच संख्यांची दुसऱ्या जातीची पृष्ठेही आहेत. त्यांच्यावरील सर्व विकलके एका बिंदूपाशी शून्य होतात आणि उरलेले पृष्ठ द्विघाती पृष्ठावर दुहेरी पडते. हिशेब मात्र तोच: एक अधिक दोन गुणिले दोन, म्हणजे पाच! पेणच्या मूर्तिशाळेत सारख्या उंचीच्या दोन मूर्ती एकाच साच्यातल्या असतीलच असे नाही, तसेच हे.

अभ्यंकरांचा आग्रह येथे खराही ठरतो आणि अपुराही. शाळेच्या बीजगणिताने आपण संख्यांपर्यंत पोहोचतो. पण जात ठरवायला मॅप कसा वागतो ते पाहावे लागते. सामान्य प्रकारच्या पृष्ठांचे संपूर्ण वर्गीकरण आजही झालेले नाही. वर्गात ‘बाजू मोजा आणि नाव सांगा’ एवढ्यावर भूमिती थांबवणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही हीच टीका लागू पडते.

पुस्तक अवश्य वाचावे. मात्र रोह्याला उतरून घरी परतू नये.