एजंट कोणाचा?

करारपत्रे वाङ्मयात गणण्याची चाल आपल्याकडे नाही. वकिलांनी ती वाचावीत आणि इतिहासकारांनी तळटिपांत लोटावीत, इतकेच त्यांचे भाग्य! तथापि 28 नोव्हेंबर 1840 रोजी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात, वॉबॅश नदीच्या संगमाजवळ मायामी लोकांशी झालेला करार आम्ही नुकताच पुन्हा वाचला, आणि भाषेच्या परीक्षेस याहून चांगला मजकूर क्वचितच सापडेल असे आम्हांस वाटले. (फ्लॉरिडातील शहराशी या मायामींचा संबंध नाही. 1791 साली जनरल सेंट क्लेअरच्या फौजेची दाणादाण उडविणाऱ्यांत लिट्ल टर्टल हा त्यांचाच सरदार अग्रणी होता.)

करारातील आकडे बोलके आहेत. उरलेल्या सुमारे 5,00,000 एकर जमिनीचे मोल 5,50,000 डॉलर ठरले. पैकी 3,00,000 डॉलर मायामींच्या जुन्या कर्जफेडीसाठी बाजूस काढले. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आधीच राखलेली. मायामींनी पाच वर्षांत मिसिसिपीपलीकडे जावे, प्रवासखर्च सरकार देईल आणि पोचल्यावर बारा महिने शिधा पुरवील, असेही कलम आहे. या कलमाची वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. तीत जाणारा आहे, घालविणारा कोठेच नाही. आपले लेखक अशा घटनेस ‘स्थलांतर’ म्हणतात, तेव्हा तेही नकळत याच व्याकरणाच्या आहारी जातात. स्थलांतर मनुष्य आपखुषीनेही करतो. येथे झाली ती उठवणूक होती.

मग घालविणारा कोण? सरकारच्या वतीने बसलेले सॅम्युएल मिलरॉय आणि ॲलन हॅमिल्टन हे आपण ‘अनधिकृतपणे’ काम करीत असल्याचे करारातच नमूद करतात! हॅमिल्टन हा फोर्ट वेन येथील व्यापारी. पुढे तोच मायामींचा सरकारी एजंट झाला. आपल्याकडील जुन्या पोलिटिकल एजंटाविषयी कोणाचे मत काहीही असो, तो कोणाचा चाकर याची शंका कोणास नव्हती. वॉबॅशकाठी मात्र एकच मनुष्य आज दुकानाच्या गल्ल्यावर आणि उद्या सरकारी मेजावर. त्यास केवळ दुर्बळ किंवा लोभी अधिकारी म्हणून सोडून देणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. दोष व्यक्तीत असेलही, पण तो त्या पदाच्या घडणीतच अधिक होता.

मायामींचा नायक रिशारव्हिल याची बाजूही निर्मळ नव्हती, हे लपविण्यात अर्थ नाही. तो स्वतः मोठा व्यापारी, आणि त्याच्या मागणीपोटी 25,000 डॉलर याच करारात मान्य झाले आहेत. परंतु आपल्या व इतर काही कुटुंबांसाठी त्याने इंडियानात जमिनी राखून घेतल्या, म्हणूनच तेथे मायामी वस्ती टिकली. लहानपणी पळवून नेलेली व पुढे मायामींतच रमलेली गोरी स्त्री फ्रान्सिस स्लोकम हिने काँग्रेसकडे अर्ज केला, तेव्हा तिच्या परिवारासही 1845 साली राहण्याची मुभा मिळाली.

बाकीच्यांना नेण्याचा मक्ता टॉमस डाउलिंगने घेतला आणि पुढे विकून टाकला. तो ज्यांच्या हाती गेला त्यांत युइंग बंधूंसारखे मायामींचे सावकारच होते. मायामी निघेनात, तेव्हा लष्कर आणावे लागले. 6 ऑक्टोबर 1846 रोजी पेरू गावाहून कालव्यातील नावांत बसून तीनशेंहून अधिक माणसे निघाली. एजंट जोसेफ सिंक्लेअर बरोबर होता. सिनसिनाटी, सेंट लुई असे मुक्काम करीत नोव्हेंबरात ती कॅन्ससच्या मुलखात पोचली.

रिशारव्हिलचा जावई आणि त्याच्यानंतरचा नायक लाफाँटेन त्यांजबरोबर गेला होता. 1847 साली परतताना वॉबॅशकाठच्या लफाएट गावी त्यास मृत्यू आला. त्याचे घर याच नदीच्या वरच्या अंगास, करार झाला त्या संगमाजवळ होते.