हात आधी हलका होतो

११ सप्टेंबर २०२२ रोजी मोंझाच्या ट्रॅकवर मुंबईच्या जेहान दारुवालानं फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत जिंकली. अशा शर्यतींचं चित्रण पाहताना नजर वेगावरच खिळते. मी म्हणेन, चालकाच्या मनगटांकडे पाहा. त्या ६२० अश्वशक्तीच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. शिकेनमध्ये चाक कर्बवर चढलं की धक्का रॅकमधून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीतून, सरळ तळहातात येतो. अशा वेळी मूठ आवळली तर गाडी भरकटते आणि सैल सोडली तर स्टेअरिंग हातातून निसटतं. या दोन्हींच्या मधली ती पकड फार देखणी असते.

साध्या, म्हणजे बिनपॉवरच्या, स्टेअरिंगचा जडपणा सगळ्यांना कळतो. रसिकानं थांबावं ते हा जडपणा ओसरतो त्या क्षणापाशी. वळणात टायरचा बाजूचा जोर त्याच्या टेकलेल्या भागाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, किंचित मागे लागतो. तेवढ्या अंतरामुळे चाक सतत सरळ व्हायला बघतं आणि हाताला ओढ लागते. वेग वाढवत नेला की टेकलेल्या भागाची मागची कड आधी घसरू लागते, जोराचा मध्य पुढे सरकतो आणि ओढ ढिली पडते. टायरची पकड मात्र अजून कळसाला पोचायची असते! दर्यापूरकडे, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, ज्यानं जुना बिनपॉवरचा ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीत चालवला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. वावरात पुढची चाकं घसरायला लागली की स्टेअरिंग एकदम पोकळ लागतं आणि डोळ्यांना काही दिसायच्या आत हात सावध होतात.

हा हलकेपणा जपायचा तर गाडी जुळवणाऱ्याला बरंच सोडावं लागतं. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो वरच्या बाजूनं मागे झुकवलेला असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. तो वाढवला की वळणात बाहेरचं चाक आत कलतं आणि टायर रस्ता नीट धरतो. पण स्टेअरिंग जड होतं, शिवाय कॅस्टरची स्वतःची ओढ इतकी वाढते की टायरचं नाजूक बोलणं तिच्यात बुडून जातं. म्हणून साध्या स्टेअरिंगला कॅस्टर हात राखून देतात, रॅक सरकवणारं दातेरी चक्र, म्हणजे पिनियनही लहान घेतात. भार उतरतो, त्याच्या बदल्यात हात जास्त फिरवावे लागतात. पॉवर स्टेअरिंगचं खरं देणं इथं दिसतं. आराम ही त्यातली किरकोळ गोष्ट. कॅस्टर हवा तेवढा ठेवता येतो, रॅक चपळ करता येतो आणि हवेच्या जोरदार दाबाखालीही (डाउनफोर्स) मनगटाच्या लहानशा हालचालीत वळण साधतं.

पॉवर स्टेअरिंगची कारागिरीही बारीक. स्टेअरिंग फिरवलं की आतली एक सडपातळ दांडी किंचित पिळते, तेवढ्यानं व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब रॅकला ढकलतो. दांडी ताठ ठेवली तर मदत उशिरा येते, पण रस्ता हाताशी राहतो. मऊ ठेवली तर हात सुखावतात आणि बहिरे होतात. फॉर्म्युला वनच्या २०२२ च्या नियमांत या मदतीला विजेची मोटर वर्ज्य होती, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणही वर्ज्य. चालकाचे श्रम कमी करण्यापलीकडे तिनं काहीही करायचं नव्हतं. हा नियम लिहिणाऱ्यानं चालकाच्या हाताची कदर जाणली होती, असं मला वाटतं. दारुवालानं त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडीही चालवून पाहिली. एकाच मोसमात दोन्ही जातींची स्टेअरिंगं त्याच्या हाताखालून गेली.

निवड करायची झाली तर आधी पुढच्या चाकांवरचा भार पाहावा. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंटसारख्या हलक्या गाडीत मी साधंच स्टेअरिंग ठेवीन. भार वाढला की प्रश्न बदलतो. २०१९ मध्ये महिला चालक तातियाना काल्देरॉन फॉर्म्युला टूमध्ये उतरली, तेव्हाही गाडी बिनपॉवरचीच होती. २०२४ ची नवी गाडी घडवताना मात्र स्टेअरिंगला लागणारी ताकद सर्व प्रकारच्या चालकांना पेलेल याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं. ते योग्यच झालं. दमलेल्या दंडाला टायरचा तो हलकेपणा कळत नाही.