भूमिका करणं, भूमिका घेणं

‘त्या अभिनय करत नाहीत, त्या जगतात.’ ‘तेरवं’ या नाटकाबद्दल कुणी कौतुकाने बोलायला लागलं की हे वाक्य हमखास येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, कधीकधी डोळेही पाणावलेले असतात, त्यामुळे त्याला अडवणं बरं दिसत नाही. इथे अडवतो. माझ्या मते या नाटकाबद्दल बोलता येईल असं हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे.

ज्यांना हे नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं हे नाटक. त्यात काम करणाऱ्या बायका विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या. तेरवं म्हणजे तेरावा दिवस. पेपरातली बातमी कर्त्या माणसाच्या मरणाशी संपते. हे नाटक मागे राहिलेल्या बाईचं आहे.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला आत्महत्या हा विषय समजावून सांगावा लागत नाही. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ज्यांचं नाव घेतात ते साहेबराव करपे आमच्याच जिल्ह्यातले, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे. १९ मार्च १९८६ ला ते बायकोमुलांसह गेले. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. म्हणजे माझी पिढी ही बातमी ऐकतच मोठी झाली. इंजिनिअरिंगला गेल्यावर बाहेरगावची पोरं पहिल्या आठवड्यात विचारायची, ‘यवतमाळचा? मग तुमच्या गावात पण…?’ आणि आपण ‘हो’ म्हणायचं. या पलीकडे आपल्याकडे काही गोष्ट आहे असं समोरच्याला वाटतच नाही.

मी आर्णी तालुक्यातला. नववीत होतो तेव्हा आमच्या गल्लीतले एक काका असेच गेले. तेरवीच्या दिवशी काकू कोपऱ्यात बसून होत्या आणि रडत नव्हत्या. काका गेले यापेक्षा या गोष्टीचाच बायकांना जास्त घोर लागला होता. ‘रडू दे वं तिले, मोकळी होऊ दे,’ असं एक म्हातारी प्रत्येक येणाऱ्या बाईला सांगत होती, जणू काकूंना रडवायचं काम वाटून द्यायचं होतं. मग ते सगळं झालं. कुंकू, बांगड्या, माहेरचं लुगडं. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कधी हंबरडा फोडायचा, सगळं ठरलेलं. नाटकच होतं ते. फरक एवढाच की मुख्य पात्राला संहिता कोणी दाखवली नव्हती आणि भूमिका नाकारायची सोय नव्हती. त्या दिवसापासून पुढे मरेपर्यंत तिने ‘विधवा’ करायची होती.

त्यानंतर काकूंनी आपली गोष्ट किती वेळा सांगितली असेल? तलाठ्याला, पोलीस पाटलाला, तहसीलमध्ये, बँकेत. आत्महत्या झाली की सरकारी मदतीचे एक लाख रुपये मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, दारू होती का, हे सगळं बाईने सांगायचं आणि समितीने ठरवायचं. वर एखादा पत्रकार येतो, तो भिंतीवरचा फोटो काढून हातात धरायला सांगतो. म्हणजे सांगण्याची संधी मिळाली नाही असं मुळीच नव्हतं. सांगून सांगून त्या थकल्या होत्या. ‘मन मोकळं केलं की बरं वाटतं’ हा आपला लाडका सिद्धांत इथे साफ पडतो. ऐकणारा कोण, त्याला त्यातून काय हवंय आणि सांगणाऱ्याला कुठे थांबायचं हे ठरवता येतं का, यावर सगळं अवलंबून असतं.

काकूंना बरं वाटायला लागलं ते मी पाहिलंय, आणि ते रडण्याने नव्हतं. पुढच्या हंगामात कापूस वेचताना त्या बायकांना साहेबाची नक्कल करून दाखवायच्या. चष्मा नाकावर ओढायचा, न वाचताच कागद उलटा करायचा, ‘हे चालत नाही बाई, झेरॉक्स आण’. बायका ओटी सोडून हसायच्या. मग दुसरी कोणी तरी काकू व्हायची आणि काकू साहेब. तेव्हा ती आमच्यासाठी नुसती करमणूक होती.

पुष्कळ वर्षांनी जेकब मोरेनो वाचताना ते वावर आठवलं. मोरेनो हा बुखारेस्टमध्ये १८८९ साली जन्मलेला, व्हिएन्नात वाढलेला डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात त्याने बिनसंहितेचं, उत्स्फूर्त नाटक सुरू केलं, पुढे अमेरिकेत गेला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बीकन इथे स्वतःच्या रुग्णालयात चक्क रंगमंच बांधला. या पद्धतीला तो सायकोड्रामा म्हणायचा. रुग्णाने कोचावर पडून बोलत राहण्याऐवजी उठून प्रसंग करून दाखवायचा. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तंत्र म्हणजे भूमिकांची अदलाबदल. तुम्ही साहेब व्हायचं, साहेबाने तुम्ही व्हायचं. साहेबाच्या खुर्चीत बसलं की पहिल्यांदा कळतं, हा माणूस सुद्धा कुठल्या तरी वरच्या साहेबाला घाबरून कागद उलटा करतोय. त्याने साहेब माफ होत नाही, पण त्याची दहशत कमी होते.

मोरेनोच्या पद्धतीत शेवटचा टप्पा आहे वाटून घेण्याचा. प्रसंग संपला की बघणाऱ्यांनी बोलायचं, पण सल्ला द्यायचा नाही आणि विश्लेषण करायचं नाही. फक्त ‘हे बघताना मला माझं अमुक आठवलं’ एवढंच. हा नियम आपल्याकडे किती अवघड आहे बघा. आपल्याकडे सांत्वनाला आलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय चहाचा कप खाली ठेवत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ‘जगतात’ या शब्दाशी माझं भांडण तिथूनच सुरू होतं. सॉफ्टवेअरमध्ये नवीन कोड थेट ग्राहकांवर सोडत नाहीत. आधी एका वेगळ्या सर्व्हरवर चढवतात. सगळं हुबेहूब खऱ्यासारखं, पण पडलं तरी कोणाचे पैसे बुडत नाहीत. त्याला आम्ही स्टेजिंग म्हणतो. रंगमंचाचाच शब्द, पण ऑफिसात तो कोणाच्या लक्षात येत नाही. आणि तिथला एक कडक नियम आहे. ग्राहकांची खरी माहिती स्टेजिंगवर जशीच्या तशी आणायची नाही. नावं, फोन नंबर, खाती, सगळ्यावर मुखवटा चढवायचा. रचना खरी, तपशील बदललेला.

तालीम हे असं स्टेजिंग आहे. तिथे चुकता येतं, थांबता येतं, ‘पुन्हा घेऊ’ म्हणता येतं. तेरवीच्या दिवशी हे शक्य नव्हतं. आणि मुखवटाही लागतोच. थॉमस शेफ या समाजशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात यासाठी ‘सौंदर्यात्म अंतर’ ही कल्पना वापरली. दुःखापासून अंतर फार कमी असलं तर माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो, फार जास्त असलं तर काहीच हलत नाही. मधल्या एका जागी माणूस एकाच वेळी दुःखात असतो आणि दुःखाकडे बघतही असतो. बरं होण्याची शक्यता तिथेच असते. आपल्याकडे भट्टनायकाने हजारेक वर्षांपूर्वी साधारणीकरण म्हणून जे सांगितलं, ते याच्या जवळ जातं. रंगमंचावरचं दुःख नटाचं नसतं, पात्राचं एकट्याचं नसतं, प्रेक्षकाचंही नसतं. कोणाचंच एकट्याचं नसल्यामुळे ते सोसता येतं, चाखता येतं. नाट्यशास्त्र तर सुरुवातीलाच सांगतं की दुःखाने, श्रमाने, शोकाने पिडलेल्यांना नाट्य विसावा देईल.

म्हणून ‘त्या जगतात’ हे कौतुक नाही. स्वतःच्या नवऱ्याचं मरण दर प्रयोगाला खरोखर जगावं लागत असेल तर तो उपचार नव्हे, छळ आहे. त्या बाईने संवाद पाठ केलाय. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, शेजारणीचं वाक्य कधी संपतं, हे तिने तालमीत कमावलंय. पहिल्यांदा म्हणताना जे वाक्य घशात अडकलं असेल ते कितव्या तरी वेळी तिच्या ताब्यात आलंय. आपण टाळ्या वाजवून म्हणतो, ‘अभिनय नाहीच हा!’ म्हणजे जी एक गोष्ट तिने स्वतः मिळवली, तीच काढून घेतो आणि आत्महत्येने दिलेली ओळख परत हातात ठेवतो.

मराठीत यासाठी एक शब्द आहे आणि तो दोन्हीकडे चालतो. भूमिका करणं आणि भूमिका घेणं. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे नटाची आणि नागरिकाची भूमिका एकच.

११ जानेवारी २०१९ ला यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष. उद्घाटनाला आधी नयनतारा सहगल यांना बोलावलं, मग विरोधाच्या धमकीपुढे मान टाकून ते निमंत्रण मागे घेतलं. या नामुष्कीनंतर उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, २०११ मध्ये पतीच्या आत्महत्येनंतर दोन मुलांना वाढवणाऱ्या. तेव्हा बातम्यांनी त्यांची ओळख ‘शेतकरी विधवा’ अशीच करून दिली. त्या ‘तेरवं’मधल्या अभिनेत्री आहेत ही माहिती खालच्या परिच्छेदात कुठे तरी.

मला ती वर हवी होती. त्या दिवशी येडे जे बोलल्या त्याचा सूर रडण्याचा नव्हता. अडीनडीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि मांडव हलला. नवऱ्याने पुढच्या जन्मावर भरवसा ठेवला, माझा याच जन्मावर आहे, असंही सांगितलं. टायमिंग बघा. आधी हशा, मग त्याच श्वासात बोच. असं आपोआप येत नाही. ते भाषण ऐकताना मला ठाम वाटलं की हा तालमीतला आवाज आहे. हजारोंसमोर आपल्या दुःखाबद्दल बोलताना त्यापासून वीतभर लांब उभं राहायची सवय तिथेच लागते. सहगल यांच्या जागी त्यांना उभं करण्यात आयोजकांची सोय होती, हे खरंच आहे. पण सोय म्हणून दिलेली भूमिका त्यांनी करता करता घेतली. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशिममधून प्रहारतर्फे लोकसभेलाही उभ्या राहिल्या. हरल्या. पण उमेदवार ही भूमिका तेराव्या दिवशीच्या संहितेत कुठेच नव्हती.

इथे ‘थेरपी’ या शब्दाची मला भीतीही वाटते. थेरपी म्हटलं की आजारी कोण, हे ठरूनच जातं. कापसाच्या भावाला, सावकाराला, पीकविम्याला काही होत नाही. बरं व्हायचंय ते बाईने. ब्राझीलचा ऑगस्तो बोआल सत्तरच्या दशकात लॅटिन अमेरिकेतून हद्दपार होऊन युरोपात गेला, तेव्हा त्याच्याकडे आलेली माणसं एकटेपणाबद्दल, रितेपणाबद्दल बोलायची. समोर पोलीस दिसत नव्हता. बोआलने म्हटलं, पोलीस डोक्यात बसलाय, आणि तो बाहेर काढायची नाटकं बसवली. आमच्याकडे पोलीस दोन्हीकडे आहे. सणाला मागे उभं राहायला लावणारा डोक्यातला, आणि सातबाऱ्यावर सुनेचं नाव चढू न देणारा घरातला. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या जमिनीच्या प्रश्नावर विदर्भात काम करतेय. डोक्यातला पोलीस नाटकाने हलेल. सातबारा तहसीलमध्येच हलतो. काकूंनी साहेबाची नक्कल कितीही झकास केली तरी झेरॉक्स आणावीच लागली.

२०२४ मध्ये ‘तेरवं’ नावाचा चित्रपटही आला, इथापे यांचाच. विषय त्यामुळे जास्त लोकांपर्यंत जातो, चांगलंच आहे. पण उपचार म्हणून बघायचं तर चित्रपट नाटकाच्या जागी बसत नाही. चित्रपटात टेक ओके झाला की संपलं. नाटकात तेच वाक्य पुढच्या गावी पुन्हा म्हणायचं असतं, आणि दर वेळी बाई ते थोडं वेगळं म्हणू शकते. शिवाय तालमीला यायचं तर घराबाहेर पडावं लागतं. कुठे चाललीस, कोणासोबत, परत कधी, या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं. गावखेड्यातल्या एकट्या बाईसाठी रात्री प्रयोगाहून उशिरा परतणं हा सुद्धा प्रयोगाचाच भाग आहे, आणि तो तिकीट काढून बघता येत नाही.

सरकारने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावलीवरून नैराश्याची लक्षणं शोधतात, पुढे समुपदेशन, औषध, १०४ ची हेल्पलाइन. हे हवंच. पण त्यात माणूस पुन्हा उत्तरं देणारा असतो आणि विचारणारा दुसराच. खुर्च्यांची अदलाबदल होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोनदा एखादी रिकामी खोली, बायकांचा जायचा-यायचा एसटीचा खर्च आणि तालीम घेणारं कोणी तरी, एवढ्यात ती होऊ शकते. प्रयोग नाही लावला तरी चालेल. फोटो काढायला कोणी नाही आलं तर उत्तमच.

आणि ‘तेरवं’चा प्रयोग जवळपास लागला तर जा. नाटक संपल्यावर भेटायला गेलात तर ‘तुमच्या घरी काय झालं होतं?’ असं विचारू नका. मधल्या प्रवेशात थांबलात ती जागा कशी सापडली, ते विचारा.