‘कोसला’तील शहर आणि मनाचे दुभंगलेपण

साठोत्तरी मराठी कादंबरीला वेगळी दिशा देणारी कृती म्हणून भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) उल्लेख केला जातो. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील सांगवी हे लेखकाचे जन्मगाव. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही खानदेशातून शिक्षणासाठी पुण्यास जातो, परीक्षेत अपयशी ठरतो व गावी परततो. यावरून शहराने एका निरोगी ग्रामीण मनाचा नाश केला, असा अर्थ सहज लावता येतो. संहितेच्या आधारे तो तपासणे आवश्यक आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ च्या निबंधात असे प्रतिपादन केले की, संवेदनांच्या अखंड माऱ्यापासून बचाव करण्यासाठी शहरवासी अलिप्ततेचे कवच धारण करतो. पांडुरंगचा तिरकस विनोद व बेफिकिरी हे असेच कवच होय. मात्र त्याखालचे दुःख शहराने दिलेले नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते ती गावातच. वडिलांच्या धाकाचे दडपणही घरचेच. शहर हे दुःख निर्माण करीत नाही, तर ते व्यक्त करण्यास जागा देत नाही. वसतिगृहात मित्रांचा गोतावळा असतो, पण शोकात सोबत करणारे आप्त नसतात. गावी परतल्यावरही त्याचे मन सावरत नाही, कारण तोवर गावही परके झालेले असते. दुभंगलेपण आहे ते या मधल्या अवस्थेत.

या वाचनालाही मर्यादा आहे. पांडुरंग हा सधन शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला परतण्यासाठी घर व शेती आहे. ज्यांना गावाने माणूसपण नाकारले, त्यांच्यासाठी शहर हे मोकळा श्वास घेण्याचे ठिकाण ठरू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवीकरणावर केलेली कठोर टीका येथे विसरता येणार नाही.

जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या. यावल, चोपडा, शिरपूरच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाचे शहर आता पुण्याइतके दूर राहिलेले नाही. मधली अवस्था मात्र तीच आहे. वर्गात गैरहजर राहणारा, थट्टेखोर, नापास होणारा विद्यार्थी आळशी म्हणून नोंदला जातो. त्या थट्टेमागे न बोललेला शोक असू शकतो, हे ‘कोसला’ अध्यापकाच्या लक्षात आणून देते. आजच्या महाविद्यालयासाठी या कादंबरीचे मोल यातच आहे.