स्पष्टीकरणाच्या गरजेचे पूर्वानुमान : कृत्रिम बुद्धिमत्तेतील एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणक प्रणालीने दिलेला निर्णय माणसाला समजला पाहिजे, हा आग्रह नवा नाही. परंतु प्रत्येक निर्णयासोबत स्पष्टीकरण जोडले तर वापरणारा कंटाळतो. ते मुळीच दिले नाही तर त्याचा विश्वास तरी उडतो किंवा तो विश्वास आंधळा तरी होतो. या पेचातून एक प्रश्न पुढे आला आहे. वापरणाऱ्याला स्पष्टीकरण केव्हा हवे असेल, हे प्रणालीलाच आधी ओळखता येईल काय? प्रश्न व्यवहार्य आहे. मात्र स्पष्टीकरणाची गरज भासणे आणि ती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. वापरणाऱ्याच्या वर्तनावरून केलेले पूर्वानुमान पहिलीचा अंदाज घेते आणि दुसरीचा घेतल्याचे मानते. या गल्लतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विचारल्यावर सांगणारी प्रणाली

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मायसिन' ही तज्ज्ञ प्रणाली विकसित केली. जीवाणूंच्या संसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती देत असे. डॉक्टरला 'का' आणि 'कसे' असे दोन प्रश्न विचारण्याची सोय तीत होती. येथे पूर्वानुमानाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गरज कोणती व केव्हा, हे विचारणाराच ठरवी.

तथापि १९८३ मध्ये विल्यम क्लॅन्सी यांनी या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देऊ नये, असा नियम प्रणालीकडे होता. पण का देऊ नये, म्हणजे ते औषध वाढत्या दातांवर व हाडांवर काय परिणाम करते, हे त्या नियमात कोठेही नव्हते. विचारणाऱ्याला नियम मिळे, नियमामागील कारण मिळत नसे. तात्पर्य, स्पष्टीकरण केव्हा द्यावे याआधी देण्याजोगे काही आहे काय, हा प्रश्न येतो. पूर्वानुमानाच्या चर्चेत तो अनेकदा मागे पडतो.

न विचारता सांगणारी प्रणाली

वापरणाऱ्याची गरज आधीच ओळखण्याचा एक ठळक प्रयत्न म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील 'ल्युमिएर' प्रकल्प. एरिक हॉर्व्हिट्झ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वापरणारा कोणती क्रिया करतो, कोठे थांबतो, काय पुन्हापुन्हा उघडतो, यांवरून त्याला मदतीची गरज असण्याची संभाव्यता काढण्याची ही पद्धत होती. ही गरज मदतीची होती, स्पष्टीकरणाची नव्हती. परंतु अनुमानाची रीत तीच. 'ऑफिस ९७' मधील कागदाच्या क्लिपचे रूप घेतलेला मदतनीस याच विचारातून बाजारात आला, तरी मूळ संशोधनातील वापरणाऱ्याचे सखोल प्रतिमान त्यात उतरले नव्हते. तो अवेळी डोकावू लागला आणि लोकांना नकोसा झाला. २००१ च्या आवृत्तीत तो आपोआप दिसेनासा करण्यात आला आणि २००७ च्या आवृत्तीतून वगळला गेला.

या अपयशापेक्षा प्रकल्पाच्या आरंभीच्या प्रयोगांतील एक निरीक्षण अधिक उद्बोधक आहे. दुसऱ्या संगणकावरून वापरणाऱ्याची हालचाल पाहून तज्ज्ञ त्याला सल्ला देत. सल्ला चुकीचा असला तरी वापरणारा त्यामागे जाई आणि सुचवलेल्या गोष्टी करून पाहू लागे. परिणामी आपला अंदाज बरोबर होता, असे तज्ज्ञाला वाटे. म्हणजे पूर्वानुमानाने स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण केला. केवळ वर्तनावर विसंबणाऱ्या कोणत्याही प्रणालीला हा धोका आहे.

न विचारणाऱ्याची गरज

माणसाला स्पष्टीकरण हवेसे वाटते ते बहुधा अपेक्षाभंग झाल्यावर. टिम मिलर यांनी २०१९ च्या आपल्या विवेचनात दाखवल्याप्रमाणे 'हे का?' या प्रश्नामागे 'ते का नाही?' हा प्रश्न दडलेला असतो. आश्चर्य हे गरजेचे चिन्ह मानण्यास येथे आधार मिळतो. आंद्रेआ बंट व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासातही, नित्याच्या आणि चुकीची किंमत अल्प असलेल्या प्रणालींबाबत अनेक वापरणाऱ्यांना स्पष्टीकरणाची ओढ नसल्याचे आढळले. गाणे सुचवणाऱ्या प्रणालीने कारणे सांगत बसू नये, हे मान्यच करावे लागेल.

परंतु प्रणाली चुकली आणि तिची चूक वापरणाऱ्याच्या अपेक्षेशी जुळली, तर आश्चर्य होत नाही. तो थांबत नाही, विचारत नाही. वर्तनावरून पाहता त्याला काहीच नको आहे. वस्तुतः सर्वाधिक गरज त्यालाच आहे. अशा वेळी दिलेले स्पष्टीकरण उपकारक ठरेलच असेही नाही. गगन बन्सल व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या प्रयोगांत, स्पष्टीकरण जोडल्याने प्रणालीची शिफारस बरोबर असो वा चूक, ती स्वीकारण्याची शक्यता वाढल्याचे दिसले. शंका जागवण्याऐवजी ते शंका निजवू शकते.

पडद्यासमोर नसलेला माणूस

'वापरणारा' ही संज्ञाही तपासावी लागते. नेदरलँड्समधील बालसंगोपन अनुदान प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. करविभाग अर्जांची जोखीम ठरवण्यासाठी स्वयंशिक्षित प्रणाली वापरत होता आणि त्या प्रणालीत राष्ट्रीयत्व हाही एक निकष होता. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०२१ च्या अहवालानुसार, जोखमीचा अंक अधिक का आला, हे अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कळत नसे. प्रणाली वापरणारा तो कर्मचारी होता. परिणाम भोगणारे पालक होते. पालकांची कोणतीही हालचाल त्या पडद्यावर उमटत नव्हती. मग त्यांच्या गरजेचे पूर्वानुमान कशावरून करणार?

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी, स्वयंचलित पतनिर्णयाची प्रक्रिया संबंधित व्यक्तीला समजेल अशा रीतीने सांगितली पाहिजे, असा निवाडा दिला. येथे स्पष्टीकरण हा हक्क ठरतो. आणि हक्क मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसतो की नाही, यावर तो अवलंबून ठेवता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पूर्वानुमान निरुपयोगी ठरत नाही. त्याचे क्षेत्र मर्यादित ठरते. स्पष्टीकरण किती विस्ताराने व कोणत्या क्षणी पुढे करावे, हे वर्तनावरून ठरवण्यास हरकत नाही. ते उपलब्ध असावे की नाही, हे मात्र तीन गोष्टींनी ठरावे : चूक झाल्यास होणारी हानी, प्रणालीची स्वतःची अनिश्चितता आणि बाधित व्यक्तीला दाद मागण्याची असलेली सोय. वर्गात हात वर न करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्व समजले आहे, असे कोणताही जाणता अध्यापक गृहीत धरत नाही. प्रणाली घडवणाऱ्यांनीही मौनाचा अर्थ समाधान असा लावू नये.