खडू कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात धाराशिवात एका सादरीकरणाला बसलो होतो. पडद्यावर एक गाव वरून दिसत होतं. ड्रोन बालाघाटाच्या कडेनं घिरट्या घालत खाली आला, घरांचे पत्रे चमकले, माउस फिरवला तसं अख्खं शिवार फिरलं. टाळ्या पडल्या. त्या गावचे दहा-बारा जण मागच्या रांगेत होते. शेवटी त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘आमच्या वढ्याला एवढं पाणी कोणच्या महिन्यात असतंय?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. चित्रात ओढा बारा महिने निळाच होता.

त्या प्रश्नानं मला हा लेख लिहायला बसवलं. सगळ्यांनी मिळून गावाचं ज्ञान चित्रात मांडायचं, ही एक कला आहे. ती आज कुठे उभी आहे, हे बघायला हवं. उपग्रहाचे नकाशे आणि कार्यालयातले डॅशबोर्ड मी बाजूला ठेवतो. ते मोजणीचं काम आहे. स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनं गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मिळते, तेवढ्यापुरती ती चांगली. गावावरून नुसत्या उडत जाणाऱ्या त्रिमितीय फिल्मा तर मी या कलेत धरतच नाही.

ही कला खरी फुलते ती जमिनीवर. भूम तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानात मी ती जवळून पाहिली. रांगोळीनं गावाची हद्द आखली, विटेच्या चुऱ्याचे रस्ते झाले, घरांच्या जागी चिंचोके मांडले, झाडांसाठी लिंबाचा पाला. तासभर पुरुषच बोलत होते. मग कडेला उभी असलेली एक बाई आत आली, वाकली आणि विहिरीचा दगड उचलून ओढ्याच्या पलीकडे ठेवला. ‘हिकडं नाही, पल्याड हाय. आन् संक्रांतीपस्तोरच पुरती.’ मग तिनं बोटानं तीन शेतं पुसली. त्यांना त्या विहिरीचं पाणी लागतं असं पुरुषांनी दाखवलं होतं. उन्हाळ्यात मात्र ते लागत नव्हतं. सरपंच गप्प झाले. त्या घटकेला नकाशात काळ शिरला, आणि गावाला स्वतःबद्दल नवं काही कळलं.

हे कौतुक भाबडेपणाचं नाही, त्याला खडकाचा आधार आहे. आपला जिल्हा बेसाल्टावर बसलेला आहे. इथलं भूजल सांध्यांत, भेगांत आणि मुरमाच्या थरांत तुकड्यातुकड्यांनी साठतं. एका बांधावर बोअर लागतं, शेजारच्या बांधावर फुफाटा निघतो. बालाघाटाच्या माथ्यावरच्या शिवारांत एका उताराचं पाणी मांजरा-तेरणेकडून गोदावरीला जातं, तर दुसऱ्या उताराचं सीनेवाटे भीमेला. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या सरकारी पोकरा प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईनं पाण्याच्या ताळेबंदाचं जे गणित बसवलं, ते मोलाचं आहे. पण ते गाव आणि झोन यांच्या पातळीवर बोलतं. कुठली विहीर कधी आटते, हे ज्यांच्या घागरी रिकाम्या परततात त्यांनाच ठाऊक असतं. हिवरे बाजार या गावानं पाऊस मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून, त्यावर पिकं ठरवून दाखवली. तिथला आकडा गावानं स्वतः मोजला होता, म्हणून गावानं तो पाळला.

उलटा धडा आपण १९९३ नंतर शिकायला हवा होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांचे आराखडे पाटीवर रेघा ओढाव्यात तसे चौकटीचे होते. सरळ रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट. वाडा, आळी, भावकी, गोठा, पार यांना त्यात जागा नव्हती. गावं लांबच लांब पसरली, शेजार तुटले. त्याच वेळी, पडझड झालेली घरं जागेवरच दुरुस्त करण्याच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भूकंपात टिकणारं बांधकाम बायका शिकल्या आणि इतरांना समजावू लागल्या. एकाच आपत्तीत दोन तऱ्हा दिसल्या: एकीकडे कागद गावावर ठेवला गेला, दुसरीकडे गावाला कागद वाचता येऊ लागला.

मी पडद्याच्या विरोधात आहे, असं कुणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटाट संस्थेनं २०१२ पासून माइनक्राफ्ट हा खेळ वस्त्यांच्या आखणीसाठी वापरला. नैरोबीच्या किबेरासारख्या वस्तीतल्या लोकांनी आपलं मैदान त्या आभासी जगात ठोकळे रचून स्वतः उभं केलं, मोडलं, पुन्हा रचलं. हे रांगोळीचंच भावंड आहे. धाराशिवातल्या त्या सादरीकरणात मात्र गावकऱ्यांच्या हातात माउस एकदाही गेला नाही. ज्याला चित्र पुसता येत नाही, त्याला आपण सहभागी म्हणतो, ही फसवणूक आहे.

आणि माझ्या आवडत्या रांगोळीचंही आपण काय केलं? तिचा विधी केला. प्रकल्पाची माणसं येतात, सकाळी नकाशा निघतो, दुपारी फोटो निघतो, नकाशा चार्टपेपरवर उतरतो आणि चार्टपेपर तालुक्याला जातो. गावात झाडू फिरतो. गावांच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत, २०१६ ते २०१९, शिवार फेरीनं हजारो माणसं माळावर फिरली. त्यांनी पाहिलेलं आज किती गावांच्या भिंतीवर आहे? अटल भूजल योजनेत जलसुरक्षा आराखडे झाले. ते गावच्या चावडीवर लागले पाहिजेत, दरसाल दुरुस्त झाले पाहिजेत. फाइलीतला आराखडा कितीही सुबक असला तरी गावाच्या दृष्टीनं तो हरवलेलाच.

तक्रार आणखी खोल आहे. नकाशा कुठे काढला, यावर त्यात कोण दिसणार हे ठरतं. पारावर काढलेल्या नकाशात गावकुसाबाहेरची वस्ती एका ठिपक्यात उरकली जाते. तोच नकाशा वस्तीत काढा: बंद पडलेला हापसा दिसतो, पावसात घरात शिरणारा नाला दिसतो, मसणवट्याची अडवलेली वाट दिसते. वाद होतील, होऊ द्या. वाद टाळण्यासाठी काढलेला नकाशा खोटा असतो.

म्हणून गावोगावच्या सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. १ मेच्या ग्रामसभेआधी नकाशा वस्तीत काढा आणि पारावर आणून तिथल्या नकाशाशी जुळवा. मग तो चावडीच्या भिंतीवर रंगवा. आटणाऱ्या विहिरींपुढे महिना लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, पाऊस सरल्यावर, चुकलेलं सगळ्यांसमोर पुसा. ड्रोनचं चित्र हवं असेल तर त्यानंतर मागवा आणि भिंतीशी ताडून पाहा. आणि पहिला खडू त्या बाईच्या हातात द्या, जिला विहीर कुठे आहे हे माहीत आहे.