अनामिक संपादक : यंत्रकृत पाठबदल आणि झाडीबोलीचे लेखन

पाठचिकित्सेचे शास्त्र एका साध्या नीतिनियमावर उभे आहे. संपादकाने मूळ पाठात बदल करावा की करू नये, ह्याविषयी मतभेद संभवतात. परंतु केलेला बदल वाचकापासून लपवू नये, ह्याविषयी मतभेद नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा नियम मूर्तिमंत झालेला दिसतो. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, जो पाठ पूर्णपणे निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली जाई आणि त्यागलेले पाठभेद पानाच्या तळाशी नोंदले जात. शिलालेखांच्या संपादकांचीही शिस्त हीच. १९६३ साली वा. वि. मिराशी ह्यांनी वाकाटकांचे कोरीव लेख प्रसिद्ध केले. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते ह्यांनी उत्खनन केले व तेथील स्तूपाच्या अवशेषांवर ब्राह्मी लिपीतील लेख मिळाले. अशा लेखांचे वाचन करताना पुसट अक्षर कंसात द्यावयाचे आणि कोरक्याची चूक मूळ पाठात तशीच ठेवून दुरुस्ती टीपेत सुचवावयाची, हा संकेत अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

नागमोडी रेघ आज संगणकाच्या पडद्यावरही दिसते. पण तिचा अर्थ उलटा झाला आहे. सुखटणकरांची रेघ संपादकाची शंका सांगत असे. यंत्राची रेघ लेखकाचा अपराध सांगते. तरीही रेघ निदान दिसते. ज्या बदलांना रेघही नसते, म्हणजे लेखकाने एक लिहावे आणि यंत्राने काहीही न सांगता दुसरे मांडावे, अशा बदलांचा विचार येथे कर्तव्य आहे. हे बदल एकाच जातीचे नाहीत. त्यांच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्यावाचून त्यांच्याविषयी न्याय्य निर्णय देता येणार नाही.

पहिली पायरी केवळ रूपाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेच्या व लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय प्रसिद्ध केला आणि २०२२ साली तो सुधारून घेतला. त्यानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य आहेत. युनिकोड संकेतप्रणालीत मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ ह्यांना एकच संकेत आहे. कोणते रूप दाखवावयाचे हे टंकावर आणि मजकुराला जोडलेल्या भाषेच्या खुणेवर ठरते. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवला की ही खूण पुष्कळदा गळते आणि अक्षर हिंदी वळणाने उमटते. दृष्टीला हे खटकते. पण संहितेचे नुकसान होत नाही. योग्य टंक मिळताच मूळ रूप परत येते. म्हणून ह्या प्रकाराविषयी तक्रार असावी, आक्रोश असू नये.

दुसरी पायरी चिन्हांची. आणि येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सावध होणे अगत्याचे आहे. भाषाशास्त्रात वाक्याआधी तारा काढला की ते वाक्य अव्याकरणिक ठरते. ‘*मी आंबा खाल्लो’ ह्या उदाहरणाचे सारे प्रतिपादन त्या एका ताऱ्यात साठविलेले आहे. २००४ साली जॉन ग्रूबर ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मार्कडाउन’ नामक लेखनपद्धतीत आणि तिच्यावरून निघालेल्या अनेक साधनांत, ओळीच्या आरंभी तारा व त्यानंतर मोकळी जागा आली की ती ओळ यादीतील एक कलम समजली जाते. ताऱ्याच्या जागी ठिपका येतो आणि निषिद्ध वाक्य मान्य वाक्यांच्या पंक्तीत जाऊन बसते. शब्दसीमा दाखविणाऱ्या ‘#’ ह्या चिन्हाने ओळ सुरू होऊन पुढे जागा सुटली, तर तिचे शीर्षक बनते. शब्दाखाली शब्दार्थ नेमका यावा म्हणून सोडलेल्या अनेक जागा आक्रसून एकच उरते, आणि ओळींची परस्परसंगती मोडते. ग्रूबर ह्यांचा हेतू वाईट नव्हता; साधा मजकूर साधाच वाचता यावा आणि त्यातूनच मांडणीही साधावी, हा त्यांचा उद्देश होता. दोष आहे तो अशा पद्धतीचे नियम ठाऊक नसलेल्या लेखकावर ते गृहीत म्हणून लादण्यात.

चिन्हलोपाचा याहून सूक्ष्म प्रकार मराठीच्या मर्माला लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा भेद रफार आणि अर्धा ‘र’ ह्यांच्या भेदावर टिकून आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन मार्गांनी लिहिता येतो : एक, ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या मजकुरातून ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ म्हणून जोडखूण गाळली गेली, की दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाकी आचार्यपदी चढतो. अदृश्य चिन्हे गाळण्यामागे कारण आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्या आधारे दिसावयास सारखी पण प्रत्यक्षात भिन्न नावे बनवून फसवणूक करता येते. परंतु सरसकट गाळणे हाच उपाय नव्हे. संकेतस्थळांच्या नावांविषयीचे २००३ सालचे तांत्रिक नियम ही जोडखूण सर्वत्र गाळीत असत. २०१० सालच्या सुधारित नियमांत ती हलन्तानंतर आल्यास ठेवण्याची मुभा देण्यात आली. विवेक शक्य आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

अविवेकाचे उदाहरण भंडारा जिल्ह्याच्या तालुक्यांवरूनच देता येईल. युरोपीय भाषांतील अक्षरांवरच्या आघातखुणा काढून टाकण्यासाठी काही साधने ‘स्वतंत्र जागा न घेणारी चिन्हे’ हा युनिकोडमधील संपूर्ण वर्गच गाळतात. देवनागरीतील अनुस्वार, उकार, एकाराची मात्रा आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. काना, वेलांटी आणि ओकार मात्र दुसऱ्या वर्गात जातात. परिणामी पवनी, मोहाडी, साकोली आणि लाखनी ही चार नावे सुखरूप राहतात. भंडाऱ्याचे ‘भडारा’, तुमसरचे ‘तमसर’ आणि लाखांदूरचे ‘लाखादर’ होते. सातांपैकी तीन नावे बिघडली, ह्यापेक्षा चार नावे बिघडली नाहीत ही गोष्ट अधिक घातक आहे. कारण अर्धवट शाबूत राहिलेल्या मजकुराविषयी कोणालाही संशय येत नाही.

तिसरी पायरी वर्णांची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीचा विचार येथे अपरिहार्य होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या बोलीला स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तिच्या परंपरागत रूपात ण, ळ, श, ष आणि छ हे वर्ण आढळत नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘शेत’चे ‘सेत’, ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. शेजारच्या वऱ्हाडीत त्याच ‘डोळ्या’चा ‘डोया’ होतो. म्हणजे ‘डोरा’ आणि ‘डोया’ ह्या दोन बोलीरूपांमधील सीमारेषा केवळ एका वर्णाची आहे. प्रमाण मराठीच्या शब्दसंग्रहावर पोसलेल्या लेखनसाधनाने दोहोंच्या जागी ‘डोळा’ बसविला, तर एक चूक सुधारली असे होत नाही. बोलीच्या नकाशावरील रेषा पुसली जाते. ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याच्याकडे अभ्यासक आजही वळतात, ते त्यातील नमुन्यांत अशी भिन्नता छापील रूपात टिकून राहिली म्हणूनच.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रमाणीकरण ही काही यंत्राने आणलेली आपत्ती नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनविषयक नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर ह्यांनीही अनेक रूढ लेखनरूपे बाजूस सारलीच होती. आक्षेप विचारार्ह आहे. पण साम्य वरवरचे आहे. महामंडळाचे नियम जाहीर झाले, त्यांवर वाद झाले, त्यांच्या बाजूने व विरुद्ध लेख आले. नियमाला कर्ता असतो, तारीख असते, शब्द असतात. म्हणून त्याला विरोधही करता येतो. यंत्रातील गृहीतकाला ह्यांपैकी काहीच नसते. ते कोणी ठरविले, केव्हा ठरविले आणि कोणत्या शब्दसंग्रहावरून ठरविले, हे वापरणाऱ्यास कळत नाही. आणि बदल झाल्याचेच न कळल्यामुळे वाद उपस्थित होण्याची वेळही येत नाही. बदल हा दोष नव्हे. अनामिक बदल हा दोष होय.

ह्या विवेचनातून निघणाऱ्या मागण्या माफक आहेत. यंत्राने केलेला प्रत्येक बदल दिसावा, तो एका कृतीत मागे घेता यावा, आणि बोलीतील मजकूर लिहिताना वर्णदुरुस्ती संपूर्ण बंद ठेवता यावी. संशोधकाच्या बाजूनेही काही शिस्त हवी. अर्धा ‘र’ अदृश्य जोडखुणेवर न सोपविता ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णाने लिहावा. क्षेत्रकार्यातील मूळ नोंद, मांडणीचे संस्कार न झालेल्या साध्या मजकुरात, ध्वनिमुद्रणासह जतन करावी. प्रमाणरूप द्यावयाचे तर ते शेजारच्या स्वतंत्र स्तंभात द्यावे. मूळ रूपाच्या जागी नव्हे. प्रबंधात बोलीचे नमुने देणाऱ्याने ते कोणत्या साधनाने टंकित केले आणि त्यातील स्वयंदुरुस्ती बंद होती की नव्हती, हे पद्धतीच्या प्रकरणात नमूद करावे. शिलालेखाच्या संपादकाकडून जी अपेक्षा केली जाते, तीच ही अपेक्षा आहे.

ह्या शिस्तीची निकड पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. संगणकाच्या भाषाप्रणाली लिहिल्या गेलेल्या मजकुरावरूनच भाषा शिकतात. ‘सेत’ लिहिणाऱ्याच्या नावावर यंत्राने ‘शेत’ जमा केले, तर पुढील यंत्राला ‘सेत’ आढळणारच नाही, आणि ते रूप चुकीचे असल्याचा त्याचा समज आधीच्या यंत्राच्या दुरुस्तीवरून पक्का होईल. पवनीचा दगड दोन सहस्र वर्षांनंतरही वाचता येतो, कारण कोरक्याच्या हातून जे उमटले ते मागाहून कोणी गुपचूप सुधारले नाही. झाडीबोलीच्या लेखनाला तेवढेच संरक्षण हवे आहे.